तळाची पाळी

नाशिकला समुद्र नाही.
तरी रात्री पावणेतीनला
दिंडोरी रोडवर, तिसऱ्या मजल्यावर,
मी समुद्राचा तळ ऐकत बसते.

अठराशे मीटर खाली एक तिपाई रोवलीय,
तिच्या कानाशी एक फट, फटीतून मिथेन.
केबलमधून, उपग्रहावरून, कुठले कुठले वळसे घेत
तो आवाज माझ्यापर्यंत येतो तेव्हा
मंद आचेवरच्या पिठल्यासारखा असतो.
मिनिटाला चाळीस. बेचाळीस. चाळीस.
संगणक लिहितोच. गांगुर्डे सर म्हणतात,
हातानंही लिहा. हाताला कंटाळा येतो,
आणि कंटाळलेल्या हाताला फरक आधी कळतो.

याआधी सहा हंगाम मी वायनरीत होते,
गंगापूर धरणाच्या अंगाला.
टाकीच्या तोंडाशी पाण्याची नळी,
रस तिच्यातून श्वास सोडायचा, बुडुक, बुडुक.
टाकी उघडायची नाही. ऐकायचं.
मुलाखतीत सरांनी एवढंच विचारलं,
"आणि आवाज थांबला तर?"
म्हटलं, "एकतर काम संपलं,
नाहीतर झाकण कुठंतरी फाटलं."
दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

मार्गशीर्षातली ती रात्र.
निफाडला पारा पाचावर,
बागांतल्या शेकोट्यांचा धूर पार इथवर.
चाळीस. एकतीस. अकरा.
मग सात मिनिटं
काही नाही.
मी पिन काढून पुन्हा खोचली,
खाली सुकदेव वॉचमनला उगाच हाक मारली,
माणसाचा तरी आवाज येतो का पाहायला.
"काय ताई?"
"काही नाही."

पाच वाजून बारा मिनिटांनी तळ हलला.
किनाऱ्यावर कुणाची कूसही बदलली नाही.
नंतर फट अशी सुटली
की मी आकडे सोडून रेघा ओढल्या,
पाचापाचाच्या जुड्या,
मग नुसत्या रेघा,
मग पानभर शाई.

सकाळी बातमीदाराचा फोन:
म्हणजे आधी कळतं तर!
सर म्हणाले, या वेळी थांबला आणि हललं.
याआधी नऊदा थांबला, काही झालं नाही.
तीनदा हललं, आणि हा आपला
चाळीस, बेचाळीस, चाळीस.
हेही छापाल?
त्यानं छापलं नाही.

महिन्यातून एकदा आम्ही कळवणकडे जातो,
शाळेच्या अडगळीत ठेवलेल्या यंत्राची बॅटरी बदलायला.
शेजारच्या भागाबाई गावितांना यंत्राचं कौतुक नाही.
त्यांच्याकडे मांडणी आहे.
"पहिल्यांदा तांब्या वाजतो, मग पराती.
गडगड आली की मोठा डबा. तो उगाच नाही बोलत."
तारखा त्यांना पाठ, आमच्याशी जुळतातही.
यंदा गेलो तर भांड्याभांड्यांत चिंध्या कोंबलेल्या.
"नातू दचकून उठतो ना."
सर बराच वेळ त्या गप्प भांड्यांकडे बघत राहिले.
मग चहा आला.

माझ्या टेबलावर पांडवलेणीपलीकडच्या खाणीतला
एक काळा दगड आहे, कागद उडू नयेत म्हणून.
अंगभर भोकं. लाव्हा अजून वाहता होता
तेव्हा यातला वायू वर निघाला होता,
आणि वाटेतच दगड थिजला.
मोजायला कुणी नव्हतं.
पुढं कोट्यवधी वर्षं पाणी झिरपत राहिलं,
एका पोकळीत पांढऱ्या सुया उगवल्या,
दाट, मुक्या.
हे सगळं शहर अशा थांबलेल्या बुडबुड्यांवर
गाड्या लावून झोपलंय.
कधी कधी मी तो दगड कानाला लावते.
सुकदेव बघतो, चहा ठेवतो, जातो.

रजिस्टरात शेवटचा रकाना आहे, "कारण".
त्या रात्रीपुढं तो कोराच आहे.
सर म्हणतात, राहू दे, जागा धरून ठेव.

तीन वाजले. एकोणचाळीस.
खालून द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेव्याकडे निघाला,
खिडकीची काच थरथरली, पेला सरकला बोटभर.
"ट्रक", असं लिहिलं.
एकेचाळीस.